राखेतला धातू कोणाचा?



वसंतात स्मशानाचा विषय काढला म्हणून रागावू नका. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे, हा वाक्प्रचार सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या धाकाने आपण एक प्रश्न टाळत आलो आहोत. देह जळल्यावर जो धातू उरतो, तो कोणाचा?

आज कितीतरी लोकांच्या खुब्यात वा गुडघ्यात धातूचा सांधा असतो. दाहिनीतील उष्णता साधारणतः ८०० ते १००० अंश सेल्सिअस. टायटॅनियम वितळते १६६८ अंशांवर. हाडाचा भुगा होतो, सांधा शाबूत राहतो. सावडताना तो हाती लागला, तर आपण तो अस्थींबरोबर नदीत सोडतो.

नेदरलँड्समध्ये १९९७ साली ऑर्थोमेटल्स ही कंपनी याच कामासाठी निघाली. ब्रिटनमध्येही नातेवाइकांची संमती घेऊन दाहिन्यांतला धातू गोळा करतात आणि खर्च वजा जाता उरणारा पैसा धर्मादाय संस्थांना देतात. तो सांधा दुसऱ्या माणसाला बसवीत नाहीत. वितळवून धातू कारखान्यांना विकतात.

सोन्याची गोष्ट अधिक नाजूक. हॅम्बुर्गच्या दाहिनीवरील कामगारांनी राखेतले दातांचे सोने घेतले. हे सोने कामगाराने ठेवून घेता कामा नये, असे जर्मनीच्या वरिष्ठ श्रम न्यायालयाने २०१४ साली म्हटले. ते राखेचाच भाग होय, असे फौजदारी न्यायालयाने २०१५ साली ठरविले. मला हे मान्य आहे. पण कामगाराचे नाही, म्हणून ते ठेकेदाराचे होते काय?

काशीच्या घाटावर डोम राख गाळून सोन्याचा कण शोधतो. ज्याच्या हातचा अग्नी आपल्याला चालला, त्याच्या हातचे पाणी चालले नाही! त्याला चोर म्हणण्यापूर्वी त्याची मजुरी विचारा. दाहिनीवरच्या माणसाचेही तेच. प्रेताच्या छातीतला पेसमेकर काढला नसेल, तर त्याचा आत स्फोट होतो. दातांत भरलेल्या पाऱ्याची वाफ होते. ही जोखीम कोणाच्या अंगावर?

म्हणून माझे म्हणणे एवढेच. नातेवाइकांची संमती आधी लेखी घ्यावी. धातूचे वजन आणि आलेला पैसा यांचा हिशेब स्मशानाच्या फलकावर लावावा. त्या पैशातून गरीब रुग्णांना सांधे मिळावेत. आणि दाहिनीवरच्या कामगाराला मजुरी, हातमोजे, मुखवटा व वैद्यकीय तपासणी हक्काने मिळावी. त्याचे पोट पगारपत्रकावर चालावे, राखेवर नव्हे.

हिशेब उघडा असला, तर त्याला कोणी टाळूवरचे लोणी म्हणणार नाही.