कॅमेऱ्याचा पहिला साहाय्यक



खडू आणि फळा यांच्या सहवासांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें सिनेमाच्या कॅमेऱ्याविषयीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. परंतु जळगांव आणि धुळें येथील सुशिक्षित घरांत हल्लीं एक प्रश्न वारंवार निघतो. पदवी हातीं आलेली मुलें म्हणतात, "आम्हांला कॅमेऱ्याचें काम शिकावयाचें आहे." आईबापांना वाटतें, हें पेट्या उचलण्याचें काम. मुलांना वाटतें, महागडा कॅमेरा विकत घेतला कीं झालें. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांपायीं घरांतील पैका व मुलांचीं उमेदीचीं वर्षें फुकट जातात.

चित्रणाच्या वेळीं प्रकाशाची योजना करणारा निराळा, चौकट सांभाळणारा बहुधा निराळा. पहिला साहाय्यक, ज्याला त्या धंद्यांत फोकस-पुलर म्हणतात, तो यंत्राचा रखवालदार. भिंगें बदलणें, तीं स्वच्छ राखणें हें तर त्याच्याकडे असतेंच. पण मुख्य काम निराळें. नट पुढें येवो कीं मागें जावो, त्याचे डोळे रेखीव दिसले पाहिजेत. जीव ओतून केलेला प्रवेश अस्पष्ट उतरला, तर मागाहून तो खऱ्या अर्थानें दुरुस्त होत नाहीं. रंग सुधारतां येतो, उजेड कमीजास्त करतां येतो; हें मात्र साधत नाहीं.

येथें थोडें गणित सांगतों. जुनी सवय जात नाहीं. नेहमीच्या सिनेमा-कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरचें भिंग लावलें, त्याचें छिद्र एफ-२ इतकें उघडलें, आणि नट २ मीटरवर उभा केला, तर ज्या पट्ट्यांत वस्तु स्पष्ट दिसते त्याची एकंदर खोली सुमारें ५ सेंटिमीटर भरते. डोळे स्पष्ट, तर कान अंधुक! तो किंचित् वाकला तरी पट्ट्याबाहेर गेला. छिद्र एफ-४ केल्यास ही खोली दुप्पट होते, पण उजेड चौपट लागतो. डिजिटल कॅमेरा थोड्या उजेडांतही चालतो, म्हणून छिद्र उघडेंच ठेवण्याकडे कल असतो, आणि सारा भार साहाय्यकाच्या बोटांवर येतो. आपोआप फोकस करणारीं यंत्रें आहेत खरीं. परंतु नजर आईवरून मुलावर कोणत्या शब्दाला न्यावयाची, हें संहिता वाचलेल्या माणसालाच कळतें.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं लोकांपुढें आला. कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग होते. त्यांना तें काम फाळक्यांनींच शिकविलें. कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रें पाडणें, अंधाऱ्या खोलींत ती धुणें, या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात असे. आजच्या भाषेंत त्यांना कॅमेरा-साहाय्यकच म्हणावें लागेल. मुलींना हें काम झेपेल कां, असें विचारणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. आणि खानदेशांतला दाखला हवा असेल, तर चाळीसगांवचे केकी मूस आहेतच. १९८९ सालीं ते वारले. बहुतेक आयुष्य आपल्या बंगल्यांत एकान्तांत काढून त्यांनीं टेबलावर क्षुल्लक वस्तु मांडल्या आणि त्यांतून निसर्गदृश्यें उभीं केलीं. वस्तु जितकी जवळ, तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. अंतराची जाण वाढविण्यास टेबलावरच्या या उद्योगाइतकी स्वस्त शाळा मला दुसरी दिसत नाहीं.

तयारी घरींच सुरू करावी. समोरच्या खांबाचें अंतर आधीं मनाशीं सांगावें, मग टेपनें मोजावें. असें रोज पन्नास वेळां. पुढें जमिनीवर खडूनें खुणा करून एखाद्या भावंडाला चालावयास लावावें, आणि हातानें फिरणाऱ्या जुन्या भिंगानें त्याचा पाठलाग करावा. मोबाइलवर हा सराव होत नाहीं. त्याच्या इवल्याशा भिंगांत बहुतेक सारेंच स्पष्ट दिसतें.

आपल्याकडे अहिराणी गाण्यांचें चित्रण होतें. तेथें पुष्कळदां एकच मनुष्य कॅमेरा धरतो आणि फोकसही पाहतो. तेथें हात जरूर धुवून घ्यावा, पण तेवढ्यावर मुंबईंत कोणी पहिला साहाय्यक म्हणून उभें करणार नाहीं. कॅमेरे भाड्यानें देणाऱ्या दुकानांत राहून यंत्रें पुसावीं, जोडावीं, मग दुसरा साहाय्यक होऊन क्लॅप द्यावी, असा पुष्कळांचा मार्ग आहे. पुण्यांत प्रभातच्या जागेवर १९६० सालीं निघालेली सरकारी संस्था छायालेखन शिकविते. तेथील त्या अभ्यासक्रमास पदवी लागते. भरमसाट फी घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांपासून मात्र दूर राहावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

कांहीं गोष्टी पाढ्यांसारख्या पाठ हव्यात. आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ चित्रें घेतांना शटर १७२.८ अंशांवर ठेवलें कीं ट्यूबलाइट लुकलुकत नाहीं. चित्रणाच्या आधींच प्रत्येक भिंग तक्त्यासमोर तपासावें. भरलेल्या कार्डाच्या दोन नकला झाल्याचें स्वतः विचारून घेतल्यावांचून तें पुसूं नये. साऱ्या मंडळींची दिवसभराची मेहनत त्या नखाएवढ्या वस्तूंत असते. आणि छत्री विसरूं नये. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. यंत्र तापलें कीं त्याच्या पोटांतला पंखा घरघरूं लागतो आणि ध्वनिमुद्रण करणारा हात वर करून सारें काम थांबवितो.