संशोधनाचा पैसा आणि संशोधनाचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



1992-93 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने आदिवासी बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. 2016 मध्ये मोखाड्यातील खोच गावाचे नाव त्याच कारणाने वृत्तपत्रांत आले. दरम्यानच्या काळात नवसंजीवनसारख्या योजना आल्या, समित्या बसल्या. परंतु डोंगरउतारावरील नागली-वरईचे उत्पन्न कसे वाढावे, पाऊस उदंड पडूनही उन्हाळ्यात विहिरी का आटतात, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आईच्या मुलाच्या आहाराचे काय होते, या प्रश्नांचा चिकाटीने शास्त्रीय अभ्यास व्हावयास हवा होता तितका झाला नाही. पैसा नाही, हे त्याचे नेहमीचे उत्तर. 2020-21 मध्ये भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा 0.64 टक्के होता.

या दारिद्र्यावर आता एक नवा उपाय सुचविला जातो. क्रिप्टोकरन्सी हे संगणकांच्या जाळ्यावर चालणारे आभासी चलन. त्यामागे कोणतेही सरकार वा मध्यवर्ती बँक नसते. या चलनात जगभरातून वर्गणी गोळा करावी आणि गरीब देशांतील शास्त्रज्ञांना थेट पोहोचवावी, असा हा विचार आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवूनही अनुदान न मिळालेल्या संशोधकाला त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय लोकवर्गणी महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून 1908 साली तळेगावचा काच कारखाना निघाला. तेथे देणारे आणि ज्यांच्यासाठी द्यावयाचे ते एकाच समाजातले होते.

आभासी चलनाच्या बाबतीत काय घडते, हे भारताने पाहिले आहे. एप्रिल 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, संदीप नेलवाल यांनी 'क्रिप्टो रिलीफ' निधी सुरू केला. मे महिन्यात इथेरियमचे एक जनक व्हिटॅलिक ब्युटेरिन यांनी त्याला शिबा इनू नावाची नाणी दिली. त्या दिवशीच्या भावाने त्यांची किंमत सुमारे 100 कोटी डॉलर होती. पण देणगीची वार्ता पसरताच भाव कोसळला. ज्या देणगीची किंमत देताक्षणीच घसरते, तिच्यावर पाच वर्षांचे पीकसंशोधन कसे आखावे? 2022 च्या आरंभी त्या निधीतील 10 कोटी डॉलर दात्याकडे परत गेले. विज्ञान सल्लागारांच्या मदतीने ते करोनाविषयक संशोधनावर खर्च करण्याचे त्यांनी जाहीर केले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु भारताच्या नावे जमलेल्या पैशाचा विनियोग अखेर एका व्यक्तीच्या विवेकावर सोपविला गेला, हे विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण 'व्हिटाडाओ' या समूहाचे. 2021 पासून तो आभासी चलनातून संशोधनाला पैसा पुरवितो. ज्याच्याजवळ टोकन अधिक, त्याला मते अधिक. आणि संशोधनातून निघणाऱ्या बौद्धिक संपदेत समूहाचा वाटा. 2023 मध्ये फायझर या औषध कंपनीच्या गुंतवणूक विभागानेही त्यात पैसा घातला. या समूहाचा विषय आहे दीर्घायुष्य. ज्यांच्याजवळ धन आहे त्यांना वार्धक्य लांबवावेसे वाटते, यात नवल नाही. पण पाचवा वाढदिवस न पाहणाऱ्या मोखाड्यातील मुलाच्या आईजवळ टोकन नाही, म्हणून तिचा प्रश्न मतदानाला येतच नाही. एक व्यक्ती, एक मत या तत्त्वाला दिलेली ही रजाच होय.

याउलट जव्हारकडे पाहावे. येथील आदिवासी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या भात, नागली, वरईच्या वाणांचे जतन 'बायफ' संस्थेने गावकऱ्यांबरोबर केले. त्याला राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे साह्य मिळाले. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोशासाठी पाच वर्षांकरिता 172 कोटी रुपयांहून अधिक रकमेचा प्रकल्प मंजूर केला. सार्वजनिक पैसा उशिरा येतो, अपुरा येतो. पण त्याचा जाब विधानसभेत विचारता येतो. टोकनधारकाला जाब विचारावयाचा तो कोठे?

म्हणून कार्यकर्त्यांनी आभासी चलनावर नुसता बहिष्कार पुकारून भागणार नाही. प्रत्येक ग्रामसभेत जैवविविधता नोंदवही पुरी करून घेतली पाहिजे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण नोंदविण्याचा हक्क दिला आहे, तो वापरला पाहिजे. पैसा कोठूनही येवो. तो कायद्याच्या मार्गाने यावा आणि ताबडतोब रुपयांत बदलला जावा. संशोधनाचा विषय गावाला विचारून ठरावा, निष्कर्ष मराठीत गावापुढे मांडले जावेत आणि बियाण्यावरचा हक्क गावाचाच राहावा, या अटी ग्रामसभेच्या ठरावात आधी लिहिल्या गेल्या पाहिजेत. आणि विज्ञानावरील सरकारी खर्च वाढवून घेण्याचा लढा तर कोणत्याही वर्गणीमुळे थांबता कामा नये. वावर-वांगणीच्या मातांचे देणे दात्यांच्या मर्जीवर सोडून देता येणार नाही.