जाणारी एक, शिकणाऱ्या नऊ

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय थेट आमच्या घरातून आलाय. माझी मावसबहीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव सांगली जिल्ह्यातलं. सकाळी वॉर्डात ड्युटी, संध्याकाळी मोबाईलवर जर्मन भाषेचा क्लास. दिवाळीत आम्ही सगळे मावशीकडे जमलो होतो. फराळ चालू होता आणि तिच्या काकांनी विषय काढला. म्हणाले, "इथल्या पोरींनी इथं शिकायचं आणि सेवा करायची जर्मनांची. मग आपल्या गावच्या दवाखान्यात कोण राहणार?"

ती काही गप्प बसणारी नाही. म्हणाली, "काका, आपल्या गल्लीतल्या चार मुली नर्सिंगला गेल्या, त्या कशामुळे? बाहेरच्या नोकरीचं ऐकूनच ना? नाहीतर दोघींची लग्नं ठरली होती."

मावशीने "आधी चकली खा" म्हणून विषय मिटवला. मला मात्र दोघांचंही पटलं होतं. आणि दोघांचं एकदम बरोबर कसं असेल, हे काही कळेना. मग मी वाचायला घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

काकांचं म्हणणं आपण शाळेपासून ऐकलंय. निबंधाचा ठरलेला विषय, 'ब्रेन ड्रेन'. हुशार माणसं बाहेर जातात, देश रिकामा होतो. हिशोब सोपा वाटतो. दहा शिकले, तीन गेले, सात उरले. पण यात एक गोष्ट आपण धरून चालतो, की जायची सोय नसती तरी ते दहाच्या दहा जण शिकलेच असते. खरंच शिकले असते का?

हे तपासायला फिलिपिन्ससारखा दुसरा देश नाही. तिथून नर्सनी अमेरिकेत जायचं ही शंभर वर्षांची गोष्ट आहे. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात असतानाच तिथे अमेरिकी पद्धतीचं नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं, तेही इंग्रजीतून. आज जगभरातल्या हॉस्पिटलांत फिलिपिनो नर्स भेटते, तिची मुळं तिथवर जातात.

आता २००० सालाकडे या. अमेरिकेने परदेशी नर्ससाठी व्हिसाचे नियम सैल केले. बातमी फिलिपिन्समध्ये पोचली आणि घराघरांत आईबाप म्हणायला लागले, "नर्सिंगला घाल." खासगी कॉलेजांनी जागा वाढवल्या, नवी कॉलेजं उघडली. दुसऱ्या विषयांची मुलं नर्सिंगकडे वळली. इतकंच काय, तिथले काही डॉक्टरसुद्धा पुन्हा कॉलेजात जाऊन नर्स झाले, कारण डॉक्टर म्हणून देशात जे मिळायचं त्याच्या कितीतरी पट अमेरिकेत नर्स म्हणून मिळत होतं.

पाओलो अबारकार आणि कॅरोलाइन थियोहॅरिडीस या दोन अर्थतज्ज्ञांनी या काळाचा हिशोब मांडला. त्यांना काय सापडलं? परदेशी गेलेल्या प्रत्येक जादा नर्समागे फिलिपिन्समध्ये नऊ जादा नर्सना परवाना मिळाला. जाणारी एक, आणि तिच्यामागे शिकून तयार झालेल्या नऊ!

हे वाचून मी लगेच बहिणीला मेसेज टाकला, "जिंकलीस!" तिचं उत्तर आलं, "दादा, पुढचं पण वाच." तिचं बरोबर होतं. पुढचं वाचायलाच हवं.

२००७ च्या सुमाराला अमेरिकेत नर्सच्या व्हिशांची रांग अडली. पाठोपाठ २००८ ची मंदी आली. दार जवळजवळ बंद झालं. पण इकडे कॉलेजांत मुलं भरलेली होती, ती पास होऊन बाहेर पडतच राहिली. घाईघाईत उघडलेल्या कॉलेजांचा दर्जाही सगळीकडे सारखा नव्हता. मधली काही वर्षं तर अशी गेली की परवाना परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मेही पास होत नव्हते. जे पास झाले, त्यांना देशात नोकरी नाही. अनुभवाचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून तरुण नर्स हॉस्पिटलांत बिनपगारी राबत होत्या. कुठे कुठे तर त्यासाठी त्यांच्याकडूनच पैसे घेतले जात होते. कित्येकजणी शेवटी फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला कॉल सेंटरमध्ये गेल्या.

आणि गंमत बघा. गंमत कसली, दुःखच. देशात परवाना असलेल्या नर्स भरपूर आणि सरकारी दवाखान्यांत मात्र नर्स कमी. कारण नर्स शिकली म्हणजे वॉर्डात उभी राहिली असं होत नाही. मध्ये नोकरीची जागा लागते, पगार लागतो. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा फिलिपिन्स सरकारने नर्सना देश सोडायला बंदी घातली, आणि नंतर वर्षाला पाच हजारांची मर्यादा घालून बंदी उठवली. म्हणजे इतक्या नर्स तयार करणाऱ्या देशालासुद्धा ऐन वेळी दार लावून घ्यावं लागलं.

अजून एक गोष्ट त्या नऊच्या आकड्यात दिसत नाही. जाणारी नर्स बहुतेक वेळा अनुभवी असते. तिने पंधरा वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलेलं असतं, नवीन मुलींना शिकवलेलं असतं. तिच्या जागी नऊ नवख्या आल्या तरी पहिल्या दिवशी त्यांना शिकवणार कोण? माणसं मोजता येतात, हातातलं कसब तसं मोजता येत नाही.

आता जरा आपल्या शेजारी येऊ, नेपाळात. ब्रिटिश सैन्यात गुरखा जवान भरती व्हायची पद्धत १८१५ पासूनची. कित्येक पिढ्या भरतीत बघितलं जायचं ते अंगातलं बळ. शाळा किती झाली हे कोण विचारतंय? मग १९९३ मध्ये ब्रिटिश सैन्याने भरतीला शिक्षणाची अट घातली. स्लेश श्रेष्ठ या अभ्यासकाने तपासलं की या एका अटीचं पुढे काय झालं. ज्या समाजांतून गुरखा भरती होते, तिथल्या मुलांचं शिक्षण सरासरी एका वर्षाहून जास्त वाढलं.

नुसत्या अटीमुळे! कुणी नवी शाळा बांधली नाही, कुणी फी माफ केली नाही. आणि लक्षात घ्या, दरवर्षी निवड होते ती फक्त काहीशे जणांची. उरलेले हजारो घरी परततात. पण भरतीच्या आशेने जे वर्गात बसले, ते शिक्षण त्यांच्याकडून कुणी काढून घेत नाही.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण, मेक्सिकोचं. तिथल्या कित्येक गावांत अमेरिकेला जायची वाट मळलेली आहे. मामा गेलाय, मोठा भाऊ गेलाय. पण तिथे काम कसलं? शेतात तोडणी, बांधकाम, हॉटेलात भांडी. या कामांना दहावीचं मार्कशीट कुणी मागत नाही. मग सोळा वर्षांचा मुलगा विचार करतो, वर्गात कशाला बसू? डेव्हिड मॅकेन्झी आणि हिलेल रापोपोर्ट यांच्या अभ्यासात हेच दिसलं. ज्या घरांतून माणसं अमेरिकेला गेली होती, त्या घरांतल्या मुलांची शाळा पुरी होण्याची शक्यता कमी झाली. घरी डॉलर येत होते, तरीही.

नेपाळ आणि मेक्सिको शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे बाहेर जायचं स्वप्न आहे. एकीकडे त्या स्वप्नाने मुलांना वर्गात आणलं, दुसरीकडे वर्गातून उठवलं. फरक कशात आहे? दारावर काय मागतात यात. दाराने शिक्षण मागितलं तर अख्खा गाव शिकायला लागतो. दाराने नुसते हात मागितले तर गाव हातच तयार करतो.

पण दाराने शिक्षण मागितलं की सगळं आपोआप ठीक होतं, असंही नाही. गयाना आणि जमैका हे छोटे देश घ्या. २००० च्या आसपासच्या आकड्यांत या देशांत जन्मलेल्या दर दहा उच्चशिक्षितांपैकी आठांहून जास्त परदेशात होते. तिथे जाणाऱ्याच्या जागी दुसरा तयार होण्याआधी तोही निघतो, आणि शिकवणारेसुद्धा निघतात. फिलिपिन्सला नऊ नर्स तयार करता आल्या, कारण तिथे कॉलेजं आणि शिक्षक वाढवता आले. देश लहान असेल, कॉलेज एखादंच असेल, तर स्वप्न कितीही मोठं असलं तरी वर्गात जागा तेवढ्याच.

आता परत आपल्याकडे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्स आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, इतरही कामं आहेत. म्हणजे जर्मन क्लासची जाहिरात तुमच्याही तालुक्याच्या स्टँडवर लागली असेल. हे दार शिक्षण मागतं, भाषाही मागतं, हे चांगलंच. पण फिलिपिन्सची पाटीही डोळ्यांसमोर असू द्या. दार दुसऱ्याचं आहे. ते कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे आपल्याला विचारून ठरत नाही. आणि दार लागलं तर कॉलेजवाल्यांची फी आधीच भरलेली असते, घरावरचं कर्ज मात्र आपलं असतं.

म्हणून काकांना माझं उत्तर असं. काका, पोरी जातात म्हणून दवाखाना रिकामा होतो, हे अर्धंच खरं. दवाखान्यात जागा भरत नाहीत, भरल्या तर वर्षावर्षाच्या कंत्राटावर भरतात, म्हणूनही तो रिकामा असतो. पोरींना अडवून तो भरणार नाही. उलट जायची आशा संपली तर नर्सिंगला जाणाऱ्याच कमी होतील, आणि मग गल्लीतल्या त्या दोघींची लग्नं परत ठरतील.

आणि बहिणीला, आणि तिच्यासारख्या तुम्हा सगळ्यांना एक सांगणं. कुठलाही कोर्स निवडताना एजंट किंवा कॉलेज सांगतं की "पोचलात तर किती मिळेल." तुम्ही दुसरा प्रश्न विचारा. "नाहीच जाता आलं, तर हे शिकलेलं मला इथे पोटाला लावेल का?" कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का? पेशंट खरोखर बघायला मिळतात का? मागच्या दोन बॅचच्या जे गेले नाहीत ते आज काय करतात? गेलेल्यांचे विमानतळावरचे फोटो कॉलेजच्या फ्लेक्सवर असतात. तुम्ही न गेलेल्यांना फोन लावा. त्यांचं उत्तर बरं असेल तर बिनधास्त शिका, बिनधास्त अर्ज करा.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, "दादा, ते मी ॲडमिशन घेतानाच केलं होतं. सीनियरच्या घरी जाऊन विचारून आले होते. तुला काय वाटलं, मी जाहिरात बघून गेले?"

मग मी विचारलं, समज जर्मनीचं जमलं, तर काकांना काय सांगशील? थोडा वेळ फोनवर शांतता. मग म्हणाली, "सांगेन की सुट्टीत येईन तेव्हा तुमचा बीपी मीच तपासणार. आणि मला एवढंच विचारायचंय, की मी परत यायचं म्हटलं तर इथे माझ्यासाठी जागा असेल का?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते काकांकडेही नाही. ते आपण मत मागायला येणाऱ्यांना विचारायला हवं.

तुमच्या घरात असं कुणी असेल, जायला निघालेलं किंवा जाता न आलेलं, तर मला व्हॉइस नोट पाठवा. विशेषतः जाता न आलेल्यांनी. तुमची गोष्ट कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात कामाची तीच असते. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!