दंशावरचा उपचार आणि डॉक्टरांचे निरंतर शिक्षण

लाल विंचवाचे विष चेतातंतूंच्या सोडियम मार्गिकांवर काम करते. मिटायच्या वेळी त्या मिटत नाहीत आणि ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा रक्तात लोट येतो. रुग्णाला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब एकदम चढतो. पुढे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. कोकणात आणि दख्खनच्या कोरडवाहू भागात या दंशाने लहान मुले हातोहात जात. प्राझोसिन हे औषध वापरात येण्यापूर्वी गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत असल्याचे त्या काळातल्या नोंदी सांगतात.

हे चित्र बदलण्याची सुरुवात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये तेथे रुजू झाले. पाठ्यपुस्तकात या दंशाविषयी फारसे काही नव्हते, म्हणून त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, हातापायांची ऊब तासातासाला टिपली. त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांसाठी त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रुग्णावरून नजर हलवता येत नाही. मग त्याच दिशेने काम करणारी, तोंडाने देता येणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी पुढे आली. तिच्यावरचा लेख 1986 चा, तोही ‘लॅन्सेट’मधलाच. जिथे हा उपचार वेळेवर मिळाला तिथे मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर उतरले.

वैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने या घटनेत दोन गोष्टी आहेत. एक, ज्ञान खालून वर गेले: आरोग्य केंद्राच्या खाटेवरून जगातल्या अग्रगण्य नियतकालिकापर्यंत. दुसरी अधिक महत्त्वाची. ते ज्ञान पुन्हा खाली, शेजारच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रापर्यंत, आपोआप पोचत नाही. तिथला डॉक्टर जुन्या सवयीने स्टेरॉइड किंवा अँटिहिस्टामिन देत असेल, तर त्याला नवी गोळी सांगून काम भागत नाही, जुने इंजेक्शन त्याच्या हातून सोडवावे लागते. गोळी दिल्यावर रुग्णाला उठू न देणे, पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब घसरतो म्हणून त्याला आडवेच ठेवणे, या साध्या गोष्टी लेखात वाचून ध्यानात राहत नाहीत. त्या कोणी तरी शेजारी उभे राहून दाखवाव्या लागतात.

निरंतर वैद्यकीय शिक्षणाची (सीएमई) प्रचलित रचना मात्र तासांवर उभी आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ही अट असणे चांगलेच, कारण तिच्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत व्याख्याने होऊ लागली. पण सभागृहात बसल्याने डॉक्टरांचा हात किती बदलतो? कॉक्रेन संस्थेच्या 2009 च्या आढाव्यात 81 चाचण्या तपासल्या गेल्या. शैक्षणिक बैठकांमुळे योग्य उपचारपद्धती पाळण्यात साधारण 6 टक्क्यांची सुधारणा आढळली. व्याख्यानाला प्रत्यक्ष सहभागाची जोड दिली तेव्हा फरक अधिक पडला. गुंतागुंतीच्या वर्तनात मात्र तो फारसा दिसला नाही. 6 टक्के म्हणजे शून्य नव्हे, पण ज्या आजारात पहिला तास निर्णायक असतो तिथे एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

सर्पदंश हा असाच आजार. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, मृत्यू पावली असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. यांतले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आहेत, आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत अग्रक्रम दिला. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. ते गाठायचे तर प्रशिक्षण नेमके कशाचे, हे ठरवावे लागेल.

रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी पाहा. शिरेतले 2 मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या कोरड्या परीक्षानळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे असे धरायचे. यंत्र नको, वीज नको. तरीही ही चाचणी फसते, कारण नळी प्लास्टिकची असते, किंवा काचेची असूनही साबणाच्या पाण्याने धुतलेली असते. गोठण्याची क्रिया सुरू व्हायला स्वच्छ काचेचाच पृष्ठभाग लागतो, हे नळी धुणाऱ्या मावशींना माहीत असायला हवे. एकाही सीएमईच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव नसते.

मण्यारीचा दंश वेगळ्या प्रकारे चकवतो. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नसते, खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून रुग्ण येतो आणि त्याला ॲसिडिटीचे औषध मिळते. तासाभरात पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, श्वास उथळ होतो. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला ‘काल कुठे झोपला होतात?’ असे विचारणे हीच इथली पहिली तपासणी. पुढे गरज अंबू बॅगची. प्रतिविष देऊनही मण्यारीचा लकवा लगेच उतरत नाही, तेव्हा रुग्णाला वाचवते ते श्वास चालू ठेवणे. शंभर किलोमीटरवरच्या व्हेंटिलेटरपर्यंत ती बॅग दाबत नेणारा हात बहुधा 108 रुग्णवाहिकेतला असतो.

प्रतिविषाबाबत सोडून देण्याच्या सवयी अनेक आहेत. त्वचेखाली टोचून पाहण्याची चाचणी कालबाह्य झाली आहे; ती रिॲक्शनचा अंदाज देत नाही आणि वेळ मात्र खाते. मूल लहान म्हणून मात्रा कमी करणे चुकीचे, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेले नसते. सुरुवात 8 ते 10 कुप्यांनी करावी, असे राष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. कुपीत पाणी घातल्यावर ती जोरात हलवायची नाही, अलगद फिरवायची. सलाइन लावण्याआधी ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून जवळ ठेवायचे. रक्तावर परिणाम करणाऱ्या दंशात वीस मिनिटांची चाचणी पुन्हा करायची ती सहा तासांनी. यकृताला गोठण्याचे घटक नव्याने बनवायला एवढा वेळ लागतो. दर तासाला रक्त तपासून कुप्या ओतत राहिल्याने रुग्णाला फायदा होत नाही आणि रात्री येणाऱ्या दुसऱ्या रुग्णासाठी साठा उरत नाही. खेड्यात या औषधाला ‘सापाची लस’ म्हणतात. त्या शब्दामुळे एकदा टोचले की पुढे धोका नाही असा समज पसरतो, तो परिचारिकांनी प्रत्येक वेळी दूर करायला हवा.

शिकणे चालू राहण्याचे कारण विषातही आहे. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर बनते. त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेकडून येते. विषाची घडण प्रदेशागणिक बदलत असल्याने एका ठिकाणची मात्रा दुसरीकडे तशीच पुरेल याची खात्री नसते. सह्याद्रीत सापडणाऱ्या चापड्यावर तर हे प्रतिविष लागूच पडत नाही. तो चावल्यास मूत्रपिंड, सूज आणि रक्तस्राव यांवर लक्ष ठेवत आधार देत राहावे लागते. कोणत्या तालुक्यात कोणता साप किती आढळतो, हे तिथले सर्पमित्र आणि आशा सेविका डॉक्टरांपेक्षा अधिक जाणतात. प्रशिक्षणात त्यांना ऐकणारे म्हणून नव्हे, सांगणारे म्हणून बसवले पाहिजे. भगताशीही बोलणे व्हावे. त्याने मंत्र म्हणावा, पण गाडी बोलावल्यावर.

राहतो प्रश्न परतीच्या वाटेचा. आरोग्य केंद्रातून रुग्ण जिल्हा रुग्णालयात गेला की पाठवणाऱ्या डॉक्टरला पुढचे काहीच कळत नाही. पापणी पडल्याचे वेळेत ओळखले होते का, आवळपट्टी कोणी बांधली होती, वाटेत श्वास थांबला का, कुप्या किती लागल्या, रुग्ण चालत घरी गेला की नाही. ही माहिती एका कागदावर मावते. जिल्हा रुग्णालयाने तो कागद आठवडाभरात पाठवणाऱ्या केंद्राकडे परत धाडावा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, तालुक्यातले डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि चालक यांनी असे सगळे कागद समोर ठेवून एक दिवस बसावे. वैद्यक परिषदेने त्या बैठकीला व्याख्यानाइतकेच क्रेडिट द्यावे, आणि पुढच्या मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, काचेच्या नळ्या, अंबू बॅग आणि ॲड्रेनलिनच्या तारखा त्याच माणसांनी तपासाव्यात.