माणूस वाचायला देणारे ग्रंथालय

मानवी ग्रंथालयात पुस्तकाऐवजी माणूस वाचायला मिळतो. ज्यांची जात, धर्म, आजार, लैंगिकता किंवा तुरुंगवास ऐकताच लोक मत बनवून मोकळे होतात, अशी माणसे स्वेच्छेने ‘पुस्तक’ होतात. वाचक साधारण अर्धा तास समोर बसतो आणि एरवी ओठांवर अडणारा प्रश्न विचारतो. उत्तर नाकारण्याचा हक्क पुस्तकाला असतो. 2000 साली डेन्मार्कच्या रॉस्किल्डे महोत्सवात रॉनी आबेर्गेल आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग सुरू केला. 2017 च्या सुमारास तो हैदराबाद आणि मुंबईतही पोहोचला.

या उपक्रमाची निकड सोलापूरइतकी थोड्याच शहरांना असेल. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू इथे एकाच बाजारात बोलल्या जातात, पण सहवासाने पूर्वग्रह आपोआप जात नाहीत, हेही याच शहराने पाहिले आहे. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारधी, कैकाडी, टकारी अशा समाजांतील कुटुंबे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. हजेरी सक्तीची होती, बाहेर पडायला पास लागे. त्यांतली अनेक माणसे गिरण्यांमध्ये शहरातल्या इतर कामगारांबरोबर राबत होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या, तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. सेटलमेंट हे नाव वस्तीला चिकटून राहिले, आणि नावाबरोबर संशयही.

रोज शेजारी काम करूनही संशय का टिकला, याचे उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाच्या 1954 च्या पुस्तकात सापडते. संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, सहकार्य हवे आणि संस्थेचे पाठबळ हवे, असे त्यांनी मांडले. एकाच्या हातात पास आणि दुसरा मोकळा, तिथे समान दर्जा कुठून येणार? मानवी ग्रंथालय तेवढ्या अर्ध्या तासापुरता तरी तो दर्जा देते, कारण काय सांगायचे आणि कुठे थांबायचे हे पुस्तकच ठरवते.

छापील पुस्तकांनीही हे काम केले आहे. सोलापूरजवळच्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे लेखक शरणकुमार लिंबाळे यांनी 1984 मध्ये ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन लिहून आपले आयुष्य वाचकांपुढे ठेवले. अशा आत्मकथनांनी मराठी वाचकाला खूप काही दिले आहे. तरीही छापील पानाला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि नकोसे पान मिटून टाकता येते. समोरच्या माणसाचे तसे नसते.

महाविद्यालयीन ग्रंथालयाने हा उपक्रम घेताना काही पथ्ये काटेकोर पाळावीत. पुस्तकाचे शीर्षक त्या व्यक्तीनेच निवडावे. छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रण संमतीशिवाय नकोच. एका पारध्याच्या अनुभवावरून साऱ्या पारध्यांविषयी निष्कर्ष काढणे हाही पूर्वग्रहच, हे वाचकाला आधी सांगावे. पुस्तकांना मध्ये विश्रांती द्यावी. तीच ती जखम दिवसभर उलगडून सांगणे सोपे नसते, आणि ही बाजू संयोजकांकडून सहज दुर्लक्षित राहू शकते.

अर्थात संवादाने दृष्टी बदलते, सरकारी दाखला मिळत नाही. विमुक्त कुटुंबांना जातीच्या दाखल्यासाठी पुरावे मागितले जातात, आणि भटकंतीत गेलेल्या पिढ्यांकडे कागद नसतात. महाविद्यालयांतून आज पदवी घेणाऱ्यांपैकी काही जण उद्या तहसील कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि शाळेत बसतील. तिथे समोर येणाऱ्या माणसाला आधी बोलू द्यायचे की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, हे त्यांच्याच हातात असेल.