रंग गेला, विष गेले काय?

बालाघाट जिल्ह्यातील रामपायली हे चंदन नदीकाठचे गाव राममंदिरासाठी प्रसिद्ध आहे. त्याच भागातील वारासिवनीच्या हातमागाच्या साड्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले. जेथे सूत रंगते, तेथे रंगाचे धुवणही निघते. हातमागाचे धुवण थोडके, मोठ्या कारखान्यांचे अफाट. परंतु प्रश्न दोहोंचा एकच. हे पाणी नदीला मिळण्यापूर्वी शुद्ध कसे करावे?

पूर्वी नीळ, मंजिष्ठा, हळद यांनी कापड रंगवीत. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. ऊन, घाम व साबण यांना दाद न देणे हा या रंगांचा गुण. कापडावरचा हाच गुण नदीत अवगुण ठरतो. कारण जंतूही त्यांना सहजासहजी कुजवू शकत नाहीत. रंगीत पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर शिरत नाही व पाणवनस्पतींची वाढ खुंटते. तुरटीने रंग तळाशी बसवता येतो. पण मग तोच रंग गाळात उरतो.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला एक उपाय म्हणजे शीत प्लाझ्मा. वायूला विजेचा जोरदार झटका दिला की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युत्‌भारित वायूला लँगम्यूर यांनी १९२८ साली प्लाझ्मा हे नाव दिले. घरातील ट्यूबलाइटच्या नळीत असाच प्लाझ्मा असतो. तिच्यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांच्या आसपास असूनही नळीला हात लावता येतो. कारण जड कण थंडच राहतात. म्हणून तो शीत प्लाझ्मा.

असा प्लाझ्मा पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा बुडबुड्यांत निर्माण केला, की ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल हे अत्यंत उतावळे कण तयार होतात. हे कण रंगाच्या रेणूवर तुटून पडतात. पुष्कळ रंगांत नायट्रोजनच्या दोन अणूंचा दुवा असतो. तो तुटला की रंग नाहीसा होतो. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात हे काम कित्येकदा काही मिनिटांत होते. बाहेरून औषध घालावे लागत नाही, गाळाचे ढीगही साचत नाहीत.

तथापि, पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष झाले असे नव्हे. रेणूचे तुकडे पाण्यात उरू शकतात व काही तुकडे मूळ रंगाहून घातक असतात. हवेतील नायट्रोजनमुळे पाण्यात नायट्रेट वाढते व ते आंबट होते. शिवाय कारखान्याच्या धुवणात मीठ, खळ, साबण असतात. ते या कणांना मध्येच खाऊन टाकतात आणि विजेचा खर्च वाढतो.

यास्तव रंग मुळातच बेताने वापरावा, धुवण आधी जंतूंच्या साहाय्याने शुद्ध करावे आणि चिवट उरेल तेवढ्यासाठीच प्लाझ्मा योजावा, हा मार्ग शहाणपणाचा. शेवटची परीक्षा मात्र डोळ्यांवर सोपवू नये. उरलेला कार्बन, आम्लता आणि त्या पाण्यात मासा जगतो की नाही, हे तपासूनच पाणी नदीत सोडावे. चंदन नदी वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेचे पाणी पुढे विदर्भातील कितीतरी गावे पितात.