स्वागताध्यक्षांचे भाषण: उड्डाण-उपकरणांची वीज आणि तिचा बंदोबस्त



अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या या बुलढाणा नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. ज्या जिल्ह्यात नियमित विमानसेवा नाही तेथे विमानातील उपकरणांच्या वीजपुरवठ्यावर विचारविनिमय व्हावा, याचे कोणास नवल वाटेल. परंतु हरभऱ्याला पाणी देण्याच्या ऐन वेळी भारनियमनाने पंप थांबलेला ज्यांनी पाहिला आहे, त्या आम्हा वऱ्हाडकरांस विजेचा खंड म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

जुन्या धाटणीच्या लहान विमानाचा फलक न्याहाळला, तर त्याच्या रचनाकारांची दूरदृष्टी ध्यानी येते. वेगमापक आणि उंचीमापक बाहेरच्या हवेच्या दाबावरच चालत असल्यामुळे विजेचे मिंधे नाहीत. क्षितिजदर्शकातील व दिशादर्शकातील भोवरे इंजिनावर चालणाऱ्या निर्वात पंपाने खेचलेल्या हवेवर फिरतात. वळणदर्शकाचा भोवरा मात्र बहुधा विजेवर फिरतो, जेणेकरून एका शक्तीने दगा दिला तरी दुसरी हजर असावी. इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून येत असल्याने बॅटरी संपली तरी ते आपले काम इमानेइतबारे चालू ठेवते.

मोठ्या जेट विमानांत इंजिनांवरील जनित्रे, शेपटीतील सहायक जनित्र व बॅटऱ्या अशी तजवीज असते, आणि तीही अपुरी पडली तर वाऱ्यावर फिरणारी लहानशी पवनचक्की बाहेर येते. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 चे इंधन वाटेतच संपून दोन्ही इंजिने थांबली आणि पडदे अंधारले, तेव्हा बॅटरीवरील मोजक्या उपकरणांच्या व पवनचक्कीने पुरविलेल्या द्रवदाबाच्या आधारे वैमानिकांनी ते गिमली येथे उतरविले. सर्व प्रवासी बचावले.

तथापि माझ्या मते शक्ती जाण्याहून भयंकर आहे ती उपकरणाची बतावणी. पंप बंद पडला म्हणून भोवरा तत्क्षणी थांबत नाही. तो मंदावत, हळूहळू कलत जातो, आणि ढगात सापडलेला वैमानिक त्या खोट्या क्षितिजाबरहुकूम विमान वळवू लागतो. 1 जानेवारी 1978 च्या रात्री सांताक्रूझहून दुबईस निघालेल्या एअर इंडियाच्या 'एम्परर अशोका' या विमानात, बिघाडाचे मूळ काहीही असो, कप्तानासमोरील क्षितिजदर्शक विमान उजवीकडे कललेले दाखवीत राहिला. खिडकीबाहेर काळोखा समुद्र, त्यामुळे डोळ्यांची साक्ष नाही. विमान डावीकडे अधिकाधिक कलत गेले आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळून 213 जीव गेले. राखीव क्षितिजदर्शक त्याच कक्षात होता.

म्हणूनच शक्ती तुटताच तबकडीवर उतरणारे ते तांबडे निशाण मला राखीव बॅटरीइतकेच मोलाचे वाटते, आणि शिक्षकाने तबकडीवर झाकण घालून उरलेल्या उपकरणांवर शिष्याकडून विमान चालवून घेण्याचा परिपाठ तर त्याहूनही अधिक.

प्रतिनिधींना माझी एकच विनंती आहे: निबंध वाचताना आपल्या यंत्रांच्या यशाबरोबर त्यांचे बिघाडही, कोणाची भीड न धरता, पूर्ण तपशिलासह मांडा, मागच्या बाकांवर बसलेले आमचे विद्यार्थी तेच टिपून घेण्यासाठी आले आहेत.